आठ काळ्या आणि तीन पोपटनाक्या

१ जुलै २०२४, सोमवार

सकाळी सहाला उठलो. चहा, खारी. शेडचं दार उघडलं. मेंढ्या मोजल्या, आठ. दुपारी धुळा येऊन गेला. संध्याकाळी मेंढ्या आत घेतल्या. पुन्हा आठ.

धुळा माझ्या बायकोचा, कस्तुराचा, सख्खा भाऊ असला तरी बोलायची रीत नाही. सांगोल्याकडे मेंढरं राखतो, दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतो. आज पाणीसुद्धा न पिता म्हणाला, दाजी, आक्काच्या मेंढ्या मी घिऊन जातो. तुमच्यानं हुयाचं न्हाय. पावसाळ्यात जंत हुत्यात, तुमाला कळायचं बी न्हाय, आन् एकेक करून बसल्या जागी मरतील.

मी म्हणालो, चौतीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मला जंत शिकवू नकोस.

तो म्हणाला, तितले जंत बाटलीत हुते, दाजी.

यावर चांगलं उत्तर होतं. तो गेल्यावर सुचलं.

शेवटी असं ठरलं. दसऱ्यापर्यंत मेंढ्या माझ्याकडे. दसऱ्याला धुळा येऊन बघणार. आठही धडधाकट असल्या तर कायमच्या माझ्या. एक जरी खाली बसली तर आठही त्याच्या.

मला मेंढ्यांचा लळा आहे अशातला भाग नाही. त्या कस्तुराच्या होत्या, ती गेल्यावर माझ्याकडे राहिल्या. बारा वर्षांत मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. प्रश्न तत्त्वाचा आहे.

३ जुलै

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. नवीन डॉक्टर आहेत, प्रियदर्शनी मॅडम. माझ्या मुलीच्या, पूनमच्या वयाच्या. मला काका म्हणाल्या. माझ्या हातात जनावर नाही हे बघून थोड्या गोंधळल्या.

माहिती चांगली दिली. मेंढीच्या पोटातले हे जंत रक्त पितात. त्यांची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात, पावसाळ्यात पिल्लं ओल्या गवतावर चढतात आणि चरताना परत पोटात जातात. मुख्य मुद्दा असा की सगळ्या मेंढ्या सारख्या नसतात. काही जातींच्या अंगातच जंतांना प्रतिकार असतो आणि तो आईबापाकडून येतो. बंगालकडे गारोळ नावाची जात आहे, गुडघ्याएवढी, दलदलीत चरते, तरी जंत तिच्यात फार टिकत नाहीत. एकाच जातीतही काही मेंढ्या चिवट असतात, काही नसतात.

गुडघ्याएवढ्या मेंढीचं मला काही पटलं नाही. पण बाई अजून नव्या आहेत.

घरच्या घरी ओळखायचं तर खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. लाल असेल तर ठीक. पांढरट असेल तर रक्त गेलं समजायचं. त्यासाठी पाच रंगांचं एक कार्ड येतं. त्यांच्याकडचं कुणीतरी नेलंय.

येताना बसमध्ये निर्णय झाला. प्रयोग करायचा. चौतीस वर्षं मी साहित्य मांडलं, प्रयोग दुसऱ्यांनी केले, आणि शेवटी बेसिन मी घासलं. आता सगळं माझं.

५ जुलै, संध्याकाळ

जतकडच्या बाजारातून तीन माडग्याळ मेंढ्या आणल्या. प्रयोगाला तुलना लागते. उंच, पांढऱ्या, अंगावर तपकिरी ठिपके, नाक पोपटासारखं बाकदार. विकणारा म्हणाला, ही मेंढी न्हाय सायेब, घोडी हाय.

घराच्या मागे उभ्या केल्यावर आठ काळ्या दख्खनी अगदी किरकोळ दिसायला लागल्या.

माझं अनुमान: माडग्याळला जंत कमी होणार. उंचीमुळे तिचं तोंड गवतापासून लांब असतं. शेजारचा सिद्धराम म्हणाला, पण काका, खाताना मान खालीच घालणार की. सिद्धराम टॉवेलच्या डाईंगमध्ये कामाला आहे. त्याचा विज्ञानाचा पाया कच्चा आहे.

शिवाय तिघींच्या सोबत राहून आठ काळ्यांना वळण लागेल. संगतीचा परिणाम मी शाळेत पाहिला आहे.

९ जुलै

अडचण. आठही काळ्या मला सारख्याच दिसतात. कस्तुरा प्रत्येकीला नावाने हाक मारायची आणि तीच यायची. मला वाटायचं कुणीही येत असेल.

नंबर घालायचं ठरवलं. सिद्धरामने फॅक्टरीतून डबाभर लाल रंग आणला. सकाळभर आठही मेंढ्यांच्या पाठीवर नंबर काढले. काळ्या लोकरीवर लाल रंग दिसत नाही. हे आधी लक्षात यायला हवं होतं, पण सिद्धराम रंगाच्या धंद्यातला आहे, त्याने सांगायला हवं होतं.

दुपारी पांढरा ऑइलपेंट आणला. १ ते ८ नीट झाले. ६ आणि ८ मध्ये किंचित घोटाळा आहे.

माडग्याळना अ, ब, क अशी नावं दिली. त्यांच्या अंगावरचे ठिपके वेगळे आहेत.

११ जुलै

पापणीचं कार्ड स्वतः केलं. सिद्धरामकडून टॉवेलच्या सुताचे पाच तुकडे घेतले. एक नंबर गर्द लाल, दोन तांबडं, तीन गुलाबी, चार फिकट गुलाबी, पाच कच्चं पांढरं सूत. पुठ्ठ्यावर चिकटवले. शेडच्या पश्चिमेच्या खांबाला खिळ्याने ठोकलं, म्हणजे उजेड भरपूर मिळेल. मॅडमनी दिलं असतं त्यापेक्षा चांगलं झालंय.

सर्व मेंढ्या: दोन नंबर. क्र. ६ किंवा ८ मात्र तीन.

१३ जुलै

लेंड्या ताज्या हव्यात आणि कुणाच्या ते माहीत हवं. म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन प्रत्येकीच्या मागे उभा राहिलो. एकूण वेळ दोन तास चाळीस मिनिटं. नमुने तीन. त्यातला एक माझ्या चपलेवर, तरी धरला आहे.

रस्त्यावरून एमआयडीसीच्या फर्स्ट शिफ्टची माणसं सायकलवरून जात होती. एकाने सिद्धरामला विचारलं, काका काय शोधतायत. सिद्धराम म्हणाला, प्रतिकारशक्ती.

उद्यापासून पाचला उठायचं. नक्की.

१४ जुलै

साडेसातला उठलो.

१५ जुलै

ऐतिहासिक दिवस. शाळेने भंगारात काढलेला मायक्रोस्कोप माझ्याकडे आहे. त्याचं एक भिंग अजून शाबूत आहे. लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कालवल्या, गाळल्या. अंडी तरंगून वर येतात. स्लाइड लावली. चारशेच्या वर अंडी. गोल, स्वच्छ, चकचकीत, काठ काळे.

एवढी अंडी असूनही मेंढ्या उभ्या आहेत. त्याअर्थी प्रतिकार प्रचंड असला पाहिजे. स्लाइड तशीच जपून दवाखान्यात नेली. मॅडमनी पाहिलं. भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, काका, हे हवेचे बुडबुडे आहेत.

त्यांनी खरं अंडं दाखवलं. लांबट असतं. बुडबुड्यांपेक्षा दिसायला साधं.

२८ जुलै

सराव झाला. आता बुडबुडे एका नजरेत कळतात. मोजणी अशी. एका स्लाइडला दख्खनी सरासरी नऊ, माडग्याळ अकरा.

माडग्याळना प्रवासाचा शीण असणार.

पूनमचा पुण्याहून फोन. विचारलं काय चाललंय. सांगितलं. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, तुम्ही जेवता का नीट? मी प्रयोगाबद्दल बोलत होतो.

५ ऑगस्ट

हात बसला आहे. पापणी ओढायला आता तीन सेकंद लागतात. सरावासाठी माणसांच्याही बघतो. सिद्धराम: दोन. त्याची बायको म्हणाली, अय्यो, मला नको. पेपरवाला: दोन, पळून गेला. इस्त्रीवाल्या बाळाबाई: तीन. त्यांना सांगितलं, तपासून घ्या, हयगय करू नका, आजच जा. त्या म्हणाल्या, बापूसाहेब, तुमी आदी माजा हात सोडा.

पूनमला व्हिडिओ कॉलवर पापणी ओढायला लावली. नेटवर्कमुळे रंग हिरवा दिसला. तरी पुण्यात तपासायला सांगितलं. तिने विचारलं, तुमची किती आहे? निरीक्षकाने स्वतःला प्रयोगात धरायचं नसतं.

१४ ऑगस्ट

पाऊस. मेंढ्या आत. नमुने नाहीत.

फेब्रुवारीत हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सगळ्यात आधी कस्तुराची पापणी खाली ओढली आणि नर्सला म्हणाले, रक्तच नाही. मी शेजारी उभा होतो. त्याआधी सहा महिने ती पाण्याची घागर मध्येच खाली ठेवून उभी राहायची. मी म्हणायचो, वय झालं. त्या दिवशीही मी वाकून बघितलं नाही. पाच नंबर असणार.

याचा प्रयोगाशी संबंध नाही. उगाच लिहिलं.

२१ ऑगस्ट

स्लाइडवरच्या काचा आणायला शहरात गेलो होतो. दुपारी परत आलो तर मागच्या दारी आठ अनोळखी मेंढ्या. बारीक, उघड्या, मानेची हाडं दिसणाऱ्या. वाटलं, कुणाच्या तरी शिरल्या.

आपल्याच होत्या. धुळा कातरायला येऊन गेला. श्रावणात लोकर उतरवायची असते म्हणे. कस्तुरा असताना यायचा तसाच आला, मला काय विचारायचं असं त्याला वाटलं. सिद्धरामने त्याला चहा दिला.

माझे नंबर लोकरीवर होते.

लोकर पोत्यात भरून ठेवली आहे. पोतं उघडून पाहिलं. १ ते ८ सगळे नंबर आत आहेत.

धुळ्याला फोन केला. म्हणाला, अहो दाजी, काय त्यात, मी सांगतो की कुठली कंची ती. ती डाव्या कानाला चीर हाय ती तुमची चार लंबर. मी नको म्हणालो. धुळ्याचा निकालात हितसंबंध आहे. त्याच्या सांगण्याला शास्त्रात किंमत नाही.

२२ ऑगस्ट

रात्रभर विचार केला नाही, झोपलो. सकाळी लक्षात आलं की हे उलट चांगलंच झालं. परदेशात मोठ्या प्रयोगांमध्ये कोण कोण आहे ते मुद्दाम लपवून ठेवतात. माझ्याकडे ते आपोआप झालं.

२७ ऑगस्ट

खळबळजनक. दख्खनी: शून्य. आठ नमुन्यांत एकही अंडं नाही. मीठ बदललं, पाणी बदललं, काच पुसली. शून्य. बुडबुडे आहेत, अंडी नाहीत.

माडग्याळ: अ पस्तीस, ब बासष्ट, क एकतीस.

म्हणजे आपल्या सोलापूरच्या साध्या काळ्या मेंढीने जंत हाकलून लावले. कुणाच्या मदतीशिवाय. मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो. उंचीचा काही संबंध नसतो.

मॅडमना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, औषध दिलंय का मेंढ्यांना? मी म्हणालो, एक थेंब नाही. औषध दिलं तर तो प्रयोग कसला. त्या म्हणाल्या, काका, माडग्याळला बासष्ट जास्त आहेत, पापणी बघत राहा आणि तिला औषध द्या. मी बरं म्हणालो. पापणी बघत आहेच. औषधाने तुलना बिघडेल.

१ सप्टेंबर

सर्वांची तब्येत सुधारते आहे. ही माझी नवीन नोंद. जुलैत तीन नंबरवर असलेल्या पापण्या आता दोनवर आल्या. सिद्धराम दोनवरून एकवर आला. बाळाबाई दुरून पाहिल्या, त्याही दोन. औषध नाही, काही नाही. नियमित निरीक्षणाचाच परिणाम असावा. कुणीतरी रोज आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर जनावरालाही बरं वाटतं.

ब ची पापणीही दोनच्या जवळ. अंडी जास्त असूनही. तिला तर हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली आहे. मऊ, गुबगुबीत. अंगाला लागतंय.

जेवण: खारी. उद्यापासून भात लावायचा.

७ सप्टेंबर

यंदा गणपती नाही. सिद्धरामच्या घरून मोदक आले. दोन खाल्ले. ताट परत द्यायला निघालो, धाप लागून बसलो.

ब आज चरायला उठली नाही. सणाची सुस्ती.

९ सप्टेंबर

ब मेली.

सकाळी मान टाकलेली होती. मॅडम स्कूटीवरून आल्या, पण तोवर संपलं होतं. त्यांनी हनुवटीखाली बोट दाबलं. खड्डा पडला तसाच राहिला. रक्त इतकं कमी झालं की तिथे पाणी साठतं, म्हणाल्या. ती चरबी नव्हती.

पापणी ओढून दाखवली. मी म्हणालो, दोन नंबर होती, कार्डावर बघा. त्या खांबाजवळ गेल्या. कार्ड बघितलं. खिळा काढून कार्ड हातात घेतलं, सूत नखाने उचकटलं. चिकटवलेल्या बाजूला सूत लाल होतं. पुढच्या बाजूला ऊन आणि तिरक्या पावसाने सगळे रंग उतरले होते. माझा दोन नंबर म्हणजे साधारण चार झाला होता. तीन, चार आणि पाच सारखेच.

सिद्धराम म्हणाला, काका, ते रिजेक्ट लॉटचं सूत होतं. पक्का रंग तुम्ही मागितलाच नव्हता.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अ आणि क ला औषध पाजलं. आठ काळ्यांच्या पापण्या स्वतः बघितल्या. छान लाल आहेत, म्हणाल्या. खरंच औषध दिलं नाही? मी म्हणालो, शपथेवर. त्यांना नवल वाटलं. म्हणाल्या, तीन जनावरांवरून माडग्याळला नावं ठेवू नका, जात अशी ठरत नसते. पण या आठ विशेष असू शकतात. यांच्या पिल्लांची नोंद ठेवायला हवी.

मग जाता जाता, मी गेट लावत असताना, त्यांनी माझी पापणी ओढली. इतक्या पटकन की मला नको म्हणता आलं नाही. कार्ड नाही बघितलं. म्हणाल्या, काका, उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जा.

१२ सप्टेंबर

हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ. लॅबवाल्याने विचारलं, जेवायला काय असतं? मी म्हणालो, नाश्ता जड होतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. काळ्या रंगाच्या.

पूनमला कळवलं नाही. सिद्धरामने कळवलं. ती रडली. म्हणाली, आईच्या वेळी पण तुम्ही असंच. मी म्हणालो, रेंज जाते आहे. रेंज चांगली होती.

२६ सप्टेंबर

पुन्हा कामाला लागलो. ब गेल्याचं दुःख आहे, पण शास्त्र थांबत नाही. लेख लिहायला घेतला. ‘सोलापुरी काळ्या मेंढीची उपजत जंतप्रतिकारशक्ती: एका निवृत्त प्रयोगशाळा सहायकाची निरीक्षणे’. सव्वाचार पानं झाली. दख्खनींची मोजणी एक, शून्य, दोन, शून्य अशी आहे. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की या आठ मेंढ्या जिल्ह्याची संपत्ती आहेत आणि त्यांना त्यांच्या सध्याच्या जागेवरून हलवणं हे शास्त्राचं नुकसान ठरेल.

हा परिच्छेद धुळ्याला खास वाचून दाखवायचा.

११ ऑक्टोबर

उद्या दसरा. आठही उभ्या आहेत, चरतात, रवंथ करतात. पापण्या खऱ्या लाल. मॅडमनी नवं छापील कार्ड दिलंय, ते खिशात ठेवतो. लोकरही थोडी वाढली आहे.

मी जिंकलोय. लिहून ठेवतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

धुळा अकराला आला. हातात आपट्याची पानं. पाया पडला. पैजेचं काही न बोलता थेट मागे गेला आणि मेंढ्यांत शिरला. आठही त्याच्याभोवती गोळा झाल्या. त्याने प्रत्येकीचे ओठ, पापणी, पाठीचा कणा बघितला. वेळ लागला नाही. मला एकीला सात मिनिटं लागतात.

म्हणाला, लई ग्वाड हायत. जितलासा दाजी. तुमच्याच झाल्या.

मग त्याला खाटेवर बसवलं आणि लेख वाचून दाखवला. सव्वाचार पानं. तो शेवटपर्यंत बसून राहिला. दोन ठिकाणी व्हय म्हणाला. उपजत शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितलं, जन्मापासून अंगात असलेली, औषधाशिवाय.

त्याने शेडकडे बघितलं. मग म्हणाला, पर दाजी, मी औषध पाजलंय की त्यास्नी.

मी विचारलं, कधी?

कातरायला आलो तवा. आक्का दरसाल श्रावणात कातरायच्या टायमाला पाजायची. बाटली तितंच हुती, शेडच्या वळचणीला. तिनंच आणून ठिवलेली, तारीख बी बघितली मी. त्या तीन पांढऱ्या कुणाच्या ते ठावं नव्हतं, म्हणून त्यास्नी न्हाय पाजलं. तुमाला इचारायचं काय त्यात?

सिद्धराम कुंपणापलीकडे उभा होता. तो घरात गेला.

मी धुळ्याला विचारलं की एक जरी खाली बसली असती तरी आठही तुला मिळणार होत्या, मग पाजलंस कशाला. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच काही विपरीत बोललो. म्हणाला, मेंढरं हायत ती. पैज तुमची न् माजी. मी जितावं म्हणून काय मेंढरू मारू व्हय?

जेवून जा म्हणालो. घरात काही नव्हतं. त्याने पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. अर्धी मला दिली.

१३ ऑक्टोबर

मॅडमना फोन करून औषधाचं सांगितलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, काका, असं आमच्याकडेही होतं. होत नसणार.

लेखात दुरुस्ती करता येईल का ते पाहिलं. ‘उपजत’ खोडलं. मग ‘प्रतिकारशक्ती’ राहत नाही. ती खोडली. मग सोलापुरी काळी मेंढी एवढंच राहिलं. त्यावर माझ्याकडे लिहायला काही नाही. मला त्या अजून नीट ओळखता येत नाहीत.

वळचणीला हात घालून बाटली काढली. अर्धी आहे. झाकणावर धागा गुंडाळलेला, तिच्या हातचा. कुठल्या मेंढीला किती ते तिला तोंडपाठ असणार. लिहून कुठेच ठेवलेलं नाही.

१८ ऑक्टोबर

धुळ्याला फोन केला. मेंढ्या घेऊन जा म्हणालो. तो म्हणाला, का बरं, तुमी तर जितलासा. मी म्हणालो, जागेची अडचण आहे.

अर्धा एकर मोकळं आहे. त्याला माहीत आहे. तो बरं म्हणाला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

धुळा सकाळीच टेम्पो घेऊन आला. भाऊबीजेला दरवर्षी यायचा तसा नवा शर्ट घातला होता. दारात थोडा वेळ उभा राहिला. मी आत ये म्हणालो. ओवाळायला कुणी नव्हतं. म्हणाला, जाऊ द्या दाजी, आदी मेंढरं चढवू.

अ आणि क ही देऊन टाकल्या. त्यांना बघून म्हणाला, या लई उंच हायत, कळपात हरवायच्या तरी न्हाईत.

चढवताना त्याने विचारलं, दाजी, तुमची पाच लंबर कंची? मी एकीकडे बोट दाखवलं. ती पाच नव्हती. धुळ्याने काही सांगितलं नाही, सिद्धराम मात्र मोठ्याने हसला.

टेम्पोत दाटी झाली. मी फळी धरून चढलो आणि दहाही पापण्या एकदा बघून घेतल्या. सगळ्या ठीक. धुळा खाली उभा राहून थांबला होता. मी उतरल्यावर त्याने टेम्पोवाल्याला खूण केली, मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुमी बी येत जावा की मधनंआधनं, आमी काय लांब न्हाय. मी म्हणालो, बघू.

साडेअकराला टेम्पो गेला.

शेड झाडली. दुपारी पूनमचा फोन आला. गोळी घेतली का विचारलं. घेतली होती.

संध्याकाळी उद्यासाठी मटकी भिजत घातली. मोठी वाटी भरून घातली होती, ती जास्त वाटली. अर्धी काढून परत डब्यात ठेवली. ओली होती म्हणून आधी फडक्याने पुसली.